तेलाच्या डब्याची दर्शनी बाजू

"हुसेनभाईची बाजू पुढं करा," गिरणीचे मालक अप्पा म्हणाले, आणि मी रंगवलेली मराठी अक्षरं भिंतीकडं गेली. माझा नुसता जळफळाट झाला.

उमरग्यातल्या त्या तेलाच्या गिरणीत मी पेंटर होतो. तेव्हा निजामाचं राज्य. चौकोनी डब्याच्या एका बाजूला मालाचं नाव आणि वजन उर्दूत, दुसरीला मराठीत, तिसरीला कानडीत. दुकानात समोर दिसते ती दर्शनी बाजू. ती उर्दूच हवी, असा तहसीलचा हुकूम. उर्दू हुसेनभाईकडं, बाकी माझ्याकडं. मी छाप्यानं काम करायचो. छापा म्हणजे अक्षरं कापलेला पत्रा. डब्याला लावायचा आणि वरून ब्रश फिरवायचा. हुसेनभाई मात्र मोकळ्या हातानं लिहायचा. त्याला बसायला खुर्ची, मला पोतं.

त्यात एक दिवस अप्पा म्हणाले, "पुढच्या हंगामाला एकच पेंटर ठिवणार. बाजारात कुणाचं चालतंय ते दोघं जाऊन बघा."

बाजारच्या दिवशी आम्ही एका दुकानात गेलो. बघतो तर सगळे डबे मराठीकडून मांडलेले!

"ऐसा कैसा?" हुसेनभाईनं विचारलं.

"गिऱ्हाईक वाचंल ते म्होरं," दुकानदार म्हणाला. "कानडी गिऱ्हाईक आलं की फिरिवतो."

हुसेनभाईचं तोंड उतरलं. मला मनातून गुदगुल्या झाल्या.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "सायेब आले!" दुकानदारानं भराभर सगळे डबे उर्दूकडं वळवले. तहसीलचे साहेब थांबले, वाचलं, म्हणाले, "वा! क्या हाथ है!" हुसेनभाईनं झुकून सलाम केला. माझ्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मला रडूच यायचं बाकी होतं.

साहेब गेले. डबे पुन्हा फिरले. दुकानदार करवादला, "अप्पास्नी सांगा, फिरवून फिरवून माजे हात मोडले न् तुमचा रंग निघाला. समद्या बाजूंवर समदं लिवा की!"

अप्पांना ते पटलं. आता प्रत्येक बाजूवर तिन्ही भाषा. काम एवढं वाढलं, की एका माणसाला उरकणं शक्यच नव्हतं. दोघांचीही नोकरी टिकली.

"चलो दत्तोबा, झगडा मिटला," हुसेनभाई म्हणाला. मीही हसून मान डोलावली.

लेबलवर काय लिहायचं ते सरकार ठरवतं. डब्याचं तोंड कुणाकडं करायचं ते दुकानदार. पेंटरनं त्यात जीव जाळू नये. पण प्रत्येक बाजूवर हुसेनभाईची उर्दू ओळ सगळ्यात वर होती, आणि माझ्या ओळीपेक्षा चांगली बोटभर उंच. ते मला अजून खुपतं.