पंच मिळाले नाहीत

आमच्या नोकरीत पहिला शत्रू कोण, तर चहा. हसू नका. प्रदूषण खात्याची जीप गेटवर थांबली की वॉचमन सलाम ठोकायचा आणि आत निरोप जायचा. मग कुणीतरी हसतमुख माणूस पुढं येणार, पावण्यांनी आधी चहा घ्यायचा, मग कामाचं बोलायचं, असं म्हणून हाताला धरून आत नेल्यासारखं नेणार. कोल्हापुरात चहाला नको म्हणणं म्हणजे भांडण काढणं. चहा पिऊन गटाराशी जावं तर पाणी असं नितळ, की त्यात भांडी घासावीत. तेवढ्या वेळात मळी आत अडवलेली असायची. मळी म्हणजे साखर कारखान्याच्या दारूभट्टीतनं उरणारं काळं-तांबडं, आंबूस वासाचं पाणी. ते नदीत सोडलं की मासे तडफडून वर येतात. नवी होते तेव्हा मी असले पुष्कळ चहा प्याले. मग शहाणी झाले आणि गेट सोडून नदीच्या अंगानं, चिखल तुडवत जायला लागले.

मासे मेले की लोक आमच्या ऑफिसात यायचे. आमच्याकडची माणसं अर्ज-विनंत्या करत बसत नाहीत. पाटीभर मेलेले मासे सरळ माझ्या टेबलावर ओतायचे आणि मग बोलायला सुरुवात करायची. त्या वर्षी उन्हाळा लागता लागता अशीच एक पाटी माझ्या टेबलावर पालथी झाली, आणि ती ओतणारा माणूस होता माझा सख्खा मेव्हणा. अक्काचा नवरा, म्हणजे आमचे दाजी. गावात त्यांचा शब्द चालायचा. घरी मला नावानं हाक मारणारे दाजी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोट नाचवत म्हणाले, "म्याडम, खुर्ची गरम करायला बसलाईसा व्हय हितं?" शिपायानं फिनेल टाकून टाकून टेबल पुसलं, तरी माझ्या पदराचा वास काही गेला नाही. राग आला. पण माणूस बोलत होता ते खरं होतं.

आणि मला गावापेक्षा भाचीची काळजी जास्त होती, हेही सांगून टाकते. अक्काची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. गावाच्या नळाला नदीचंच पाणी. ते काळं यायला लागल्यावर लोक ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीचं पाणी भरू लागले, आणि त्या विहिरीनं गावात कावीळ शिरली. कावीळ पोटुशीला झाली तर काय होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी अक्काला म्हटलं, हिला शहरात, राजारामपुरीतल्या माझ्या घरी पाठव. दाजींनी साफ उडवून लावलं. पहिलं बाळंतपण बापाच्या दारातच होणार, लोक काय म्हणतील. अक्का बिचारी विहिरीचं पाणी उकळून उकळून लेकीला देत होती. मी तिला शब्द दिला की नळाला चांगलं पाणी आणून दाखवते.

आणि मला मळी सापडलीही. बाभळीच्या गचपणात एक पाईप थेट नाल्यात सोडलेला. त्यातनं भळाभळा मळी चाललेली, वर फेस. मी कारखान्याच्या केमिस्टला बोलावून घेतलं, त्याच्यासमोर बाटल्या भरल्या, लाख वितळवून सील केल्या. सही करायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला हा पाईप आमचा नाहीच, आणि पाठ करून निघून गेला. आता गावातले दोन पंच हवे होते. पाईप कुठला, पाणी कुठनं भरलं, हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून जागेवर सही करणारे. आमचाच ड्रायव्हर आणि शिपाई पंच म्हणून चालत नसत. पण मला चिंता नव्हती. अर्धं गाव काठावर उभं होतं. माशांची पाटी घेऊन आलेली सगळी मंडळी होती, पुढं दाजी.

मी विचारलं, कोण येतंय सहीला? आणि काय सांगू, माणसं वितळायला लागली. एकाला धार काढायची आठवली, एकाची मोटर चालू राहिली होती. ज्याचा आवाज ऑफिसात छताला लागला होता तो पायताण शोधत मागं सरकला. आधी मला कळेचना. मग नदीपलीकडे नजर गेली आणि उजेड पडला. हंगाम संपत आलेला आणि ह्यांचा ऊस अजून रानात उभा. ऊस तोडायला टोळी कुणाच्या रानात कधी धाडायची, हे कारखाना ठरवणार. पंच म्हणून सही करणाऱ्याचा ऊस उन्हात वाळून चोयट्या झाला असता. नदी नासवणारा कारखाना ह्यांचाच, सभासदही हेच.

मी दाजींना बाजूला घेतलं. म्हटलं, तुमची सही नको, तुम्ही नात्यातले, चालणार नाही. तुम्ही नुसतं म्हणा, दोघं पुढं येतील. घरात लेक आहे तुमच्या.  दाजी खाली बघत म्हणाले, "आमचा ऊस अजून उभा हाय, म्याडम." तिथंही म्याडमच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाटल्या उचलल्या आणि तडक अक्काच्या घरी जाऊन झालेलं सगळं तिला सांगितलं.

दाजी दिवेलागणीला आले. बाहेरनं आलेल्या नवऱ्याच्या हातात अक्का पाण्याचा तांब्या द्यायची, लग्न झाल्यापासनंची सवय. त्या दिवशी तिनं नळ सोडला आणि तांब्या त्याखाली धरला. तांबूस पाणी. वास ओसरीवर माझ्यापर्यंत आला. दाजी म्हणाले उकळलेलं दे की. अक्का आवाज न चढवता म्हणाली, "नदीत मळी येती हे बोलायला तुमची जीभ रेटली न्हाय न्हवं? मग पाण्याला काय झालंय? प्या की."

दाजी तांब्या हातात धरून बसले. प्याले नाहीत. भाची आतनं बघत होती. मी उठून जीपकडं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दाजी दोन माणसं घेऊन नाल्यावर हजर. निरोप मिळाला तशी मीही धावत गेले. पाईपातनं नितळ पाणी पडत होतं. कारखान्याला एक रात्र मिळाली होती, तेवढी पुरली. ती दोन माणसं शपथेवर सही करायला तयार होती, पण कशावर करणार? मी कपाळाला हात लावला. पंचांशिवायच्या बाटल्यांवर केस उभीच राहिली नाही, आणि चार दिवसांत नळाला पुन्हा काळं पाणी सुरू झालं.

भाचीला कावीळ झालीच. एवढं उकळून पाजून कुठनं झाली, देवाला ठाऊक. पोरगी सरकारी दवाखान्यात मरता मरता वाचली. बाळ नाही वाचलं. मुलगी होती. दाजींच्या रानात त्याच आठवड्यात टोळी उतरली. ऊस कारखान्याला गेला, सगळाच्या सगळा. दाजी बांधावरही गेले नाहीत, दवाखान्याच्या पायरीवर बसून होते.

पुढं नोकरीत माझ्या बदल्या झाल्या, पाईप धरले, सोडावे लागले, पुन्हा धरले. माशांच्या पाट्या येतच राहिल्या, दाजी मात्र परत कधी आले नाहीत. अक्काकडं गेले की ती मला हातात तांब्या देते. दाजी बाहेरनं येतात, कोपऱ्यातल्या घागरीशी वाकतात आणि आपलं पाणी आपणच भरून घेतात.