त्याने सोडलं, म्हणून मी गेले

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे "हिला असलं काहीतरी दिसतच असेल" असं कुणी म्हणायला नको. मी इंदूरची. आजोबा महूला फौजेत होते, आम्ही बौद्ध, आणि आमच्या घरात भूत, उतारा, नजर हे शब्द चेष्टेतसुद्धा चालत नसत. अकरा वर्षं मी स्कूल व्हॅन चालवतेय आणि मागच्या हिवाळ्यापर्यंत माझ्या नावावर एकही चालान नव्हतं. मी लाल दिव्याला थांबते म्हणून मागचे लोक मला शिव्या घालतात, अशातली मी.

रोज सकाळी सव्वासहाला जुनी इंदूर या आमच्या भागातून रिकामी व्हॅन घेऊन निघायचं आणि खजराण्याच्या बाजूला पहिलं मूल घ्यायचं, हा माझा रस्ता. मध्ये एक मोठा चौराहा लागतो. डाव्या कोपऱ्यावर पोह्यांची गाडी, समोर औषधांचं दुकान, वर कॅमेरे. नाव मुद्दाम लिहीत नाही, माझी फाईल अजून ट्रॅफिक पोलिसांकडे आहे.

तर... डिसेंबरातली सकाळ. दिवा लाल, मी थांबलेली. चौराह्याच्या मध्ये ट्रॅफिकचा हवालदार उभा होता. पांढरा शर्ट, टोपी, चाळिशीचा असेल, दोन दिवसांची दाढी. त्याने माझ्याकडे बघितलं आणि कोपरापासून हात ओढून बोलावलं — या. पोलिसाने सोडलं की दिवा बघायचा नसतो, हे लायसन्सच्या परीक्षेतच विचारतात. मी निघाले. जाताना खिडकीतून हात वर करून सलाम केला. वर्दी दिसली की हात करायचा, ही आजोबांनी लावलेली सवय. शेजारचे दोघे बाईकवाले तसेच उभे राहिले, पण मला वाटलं, कॅमेऱ्याला घाबरत असतील.

असं महिन्याभरात तीनदा झालं. तिन्ही वेळा मोबाईलवर चालान आलं आणि मी एकही भरलं नाही. माझा नवरा शांत माणूस, भांडण नको म्हणून दुकानदाराला सुटे पैसेही मागत नाही. तो रोज म्हणायचा, "अगं भर ना, लोक अदालतमध्ये निपटून जाईल. काय फालतूमध्ये जिद करते." मी म्हणायचे, भरलं म्हणजे गुन्हा मान्य केला. मी केलेला नाही.

शेवटी नोटीस आली, लायसन्स सस्पेंड का करू नये म्हणून. ऑफिसात एक अधिकारी बाई होत्या. बोलायला चांगल्या, मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ड्युटीचं रजिस्टर मागवलं. सिग्नल ऑटोमॅटिक झाल्यापासून त्या चौराह्यावर सकाळी कुणाची ड्युटी लागतच नाही. मग त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. तिन्ही फोटोंत दिवा लाल, बाकी गाड्या रेषेच्या मागे, माझी व्हॅन पुढे. आणि तिन्ही फोटोंत माझा हात खिडकीबाहेर, वर. समोर रस्ता स्वच्छ मोकळा होता.

"ये हाथ किसको कर रही हैं आप?" त्यांनी विचारलं.

फोटोत तो कुठेच नव्हता, हे मलाही दिसत होतं. पण आवाज मी चढवलाच. म्हटलं, ज्याने सोडलं त्याला.

त्यांनी एक कागद पुढे केला. 'घाईत सिग्नल दिसला नाही, पुन्हा होणार नाही' एवढं लिहून सही केली तर ताकीद देऊन सोडणार होत्या. नाहीतर तीन महिने लायसन्स जाणार. मी कागद परत सरकवला. मला घाई नव्हती आणि सिग्नल मला चांगला दिसला होता. त्यांनी डोक्याला हात लावला. मग हळूच विचारलं, "बच्चे बैठे होते, तो भी जातीं?"

मी म्हटलं, "जाती. पुलिसवाला छोड़े तो जाना पड़ता है."

तीन महिने लायसन्स गेलं.

तुम्हाला वाटेल, तिथे कुणी हवालदार अपघातात गेला असणार. मलाही वाटलं, म्हणून पोहेवाल्याकडे गेले. तो पंधरा वर्षं तिथे उभा आहे. त्याने सांगितलं, कोई नहीं मरा दीदी, पुलिसवाला तो छोड़ो, यहाँ कुत्ता भी नहीं मरा. मला लाल दिव्यात जाताना त्याने पाहिलं होतं. मी हात त्यालाच करते असं समजून तोही दर वेळी मला हात करायचा.

व्हॅन ओळखीच्या एका ड्रायव्हर भियाने, म्हणजे भैयाने, चालवली. मी शेजारी बसायचे. त्याला कुणी दिसलं नाही आणि मलाही नाही. "लाल दिवा तोडणारी बाई" म्हणून दोन घरांनी मुलं काढून घेतली. अकरा वर्षांत कमावलेलं नाव असं गेलं. त्या रात्री मी रडले, आणि सकाळी पुन्हा व्हॅनमध्ये जाऊन बसले.

लायसन्स परत मिळालं तोवर जुनी इंदूरमधल्याच दोन बहिणी नव्याने लागल्या होत्या. म्हणजे आता चौराहा यायच्या आधीच गाडीत मुलं. नवरा म्हणाला, दुसऱ्या रस्त्याने जा. मी का जाऊ?

पहिल्याच दिवशी दिवा लाल, आणि तो मध्ये उभा. तोच शर्ट, तीच दाढी. त्याने हात ओढला — या. मागे दोघी डब्यात काय दिलंय यावरून भांडत होत्या. माझा पाय ब्रेकवरून निघेना. त्याने पुन्हा बोलावलं, मग तिसऱ्यांदा, जरा चिडून. मी मान हलवली, नाही म्हणून. दिवा हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, मी आरशात बघून परत समोर पाहिलं तर चौराहा रिकामा.

त्यानंतर तो दिसलेला नाही.

त्या बाईंसमोर छाती ठोकून म्हटलं होतं, मुलं असती तरी गेले असते. नाही गेले. याची लाज वाटते मला, आणि ती त्या बाईंची नाही, त्या हवालदाराची वाटते. पोलिसाने सोडलं आणि मी थांबले... म्हणजे त्या दिवशी मी कायदा पाळला की मोडला? तो कोण, मलाच का बोलवायचा, गेले असते तर काय झालं असतं — कशालाच उत्तर नाही. पण तो कागद आज पुन्हा पुढे ठेवला तरी मी सही करणार नाही. तो तिथे उभा होता.