मधल्या घराचा हिस्सा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका तर ओळीओळीला असतील. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कोणाच्या हाती ही पानं पडली तर सांभाळून घ्यावं. चारचौघांत बोलायची मला लहानपणापासून लाज. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून एवढं तरी जमतंय.

येरवड्याच्या वस्तीत आमची एक खोली होती, पत्र्याची. डावीकडे रिक्षावाल्याचं घर, उजवीकडे आत्यांचं. आत्या माझ्या नात्यातल्या नव्हेत. महापालिकेत झाडणकाम करून रिटायर झालेल्या, एकट्या राहायच्या. सगळी वस्ती त्यांना आत्या म्हणायची आणि त्यांच्या जिभेला भ्यायची. मी तर त्यांच्या दारावरून खाली बघूनच जायचे.

एक दिवस कळलं की मोडकळीला आलेली घरं पाडून सरकार तिथल्या तिथे पक्की घरं बांधून देणार. खर्चातला मोठा वाटा दिल्लीचा, काही राज्याचा, काही महापालिकेचा, आणि उरलेला थोडा हिस्सा आम्ही भरायचा. मोकळ्या जागेवर सभा झाली. एक तरुण इंजिनिअर मुलगी आली होती. तिने जमिनीवर फक्कीने अख्खं घर आखलं. पुढे खोली, मागे मोरी, कडेला संडास. मग म्हणाली, "मावशी, आत येऊन बघा आणि ओटा कुठे हवा ते सांगा." मी पुढे उभी होते म्हणून तिने माझाच हात धरला. मी पांढऱ्या रेघेपाशी चपला काढल्या आणि आत गेले.

लोक असे हसले की जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. रिक्षावाला ओरडला, "वहिनी, जपून! फरशी अजून ओली आहे!"

तेवढ्यात मागून आत्या आल्या. त्यांनीही चपला काढल्या. "दात काय काढताय? घरात चपला घालून फिरायला तुम्ही काय गोऱ्या साहेबाचे जावई?"

मग जो तो चपला काढूनच आत येऊ लागला. इंजिनिअर मुलीनेही बूट काढले. ओटा कुठे हवा ते मला तोंडाने सांगता आलं नाही. उजेड येईल त्या बाजूला मी बोट दाखवलं आणि तिने तसंच लिहून घेतलं. घरातली कुठली वस्तू कुठे असावी, हे त्याआधी मला कोणी विचारलं नव्हतं.

अडचण हिश्श्याची होती. आमच्या तीन घरांची मिळून एक इमारत होणार होती, मधल्या भिंती सामाईक. तिघांचे पैसे आल्याशिवाय पाया खणणार नव्हते. बाजूच्या दोघांनी भरले. मधलं घर आमचं. आमचे हे मार्केट यार्डात हमाल. नेमकी त्याच सुमाराला पोतं उचलताना त्यांची कंबर धरली आणि ते घरी बसले. मी एका मेसमध्ये पोळ्या लाटायचे, त्यात खाणं भागायचं एवढंच. मुदत तर संपत आली होती. मालकांकडे उचल मागायची असं ठरवून मी रोज निघायचे आणि पोळ्या लाटून परत यायचे.

हे विचारायचे, "मागितलेस का गं?"

"आज गर्दी होती."

"रोज गर्दी, म्हणजे त्यांच्याकडे पैसा असणार. मागून तरी बघ."

नळावर रिक्षावाल्याची बायको मला ऐकू जाईल असं म्हणायची, "काहींचा पत्र्यातच जीव रमतो. त्यांच्यापायी आमच्या पोरांनी का गळक्या घरात राहायचं?" तिचं चुकत नव्हतं. म्हणूनच जास्त लागायचं.

एका संध्याकाळी आत्या स्वतःच आमच्या दारात आल्या. "किती कमी पडतात?"

मी त्यांना बसायला पाट मांडला.

"गुळणी धरलीस का तोंडात?"

शेवटी ह्यांनीच सांगितलं, "आत्या, सगळेच."

"मी भरते. तुमची दया येऊन नाही, माझी भिंत अडलीय म्हणून. व्याज नको. पण फेडायला दर महिन्याला हिने स्वतः यायचं. तुम्हाला पाठवायचं नाही. चहा होईपर्यंत बसायचं आणि बोलायचं. खांबाशी मी व्यवहार करत नाही."

"आत्या, बोलू तरी काय?" मी म्हटलं.

"हे बोललीस ना? असंच."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बँकेत आमचा हिस्सा भरला. घर होईपर्यंत आम्ही जवळच भाड्याने राहिलो. सरकारचे पैसे टप्प्याटप्प्याने यायचे, पाया झाला की थोडे, स्लॅब पडला की थोडे. मध्येच अडकले की काम थांबायचं आणि जीव टांगणीला लागायचा. तरी इमारत उभी राहिली. पाणी अजून सकाळीच येतं, मोरीच्या भिंतीला ओल आहे. पण संडास घरात आहे आणि त्याला नि मोरीला आतून कडी आहे. माझी मुलगी आता निवांत अंघोळ करते. ओटा मी दाखवला तिथेच आहे.

पहिले काही महिने आत्या विचारायच्या, भाजी काय केलीस, आणि मी एका शब्दात सांगायचे. हळूहळू मीच विचारू लागले. एकदा म्हटलं, "आत्या, सरकारचे पैसे म्हणजे नक्की कोणाचे?"

"कर भरणाऱ्यांचे. तू साबणाची वडी घेतेस, त्यातही थोडा जातो. पण तुझ्या साबणात इमारत उभी राहत नाही, तेव्हा लोकांचे उपकार मान."

मी मानते. ते लोक कोण, मला ठाऊक नाही. रोज दिवा लावताना त्यांच्यासाठीही हात जोडते.

ह्यांना पुढे एका सोसायटीत बसून करायचं वॉचमनचं काम मिळालं आणि हप्ते सोपे झाले. मागच्या आठवड्यात शेवटचा दिला. आत्यांनी बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या. त्या दिवशी मला थांबवेना. नळावरचं ऐकून कसं रडले, मालकांसमोर जीभ कशी उचलेना, त्या दारात आल्या तेव्हा काय वाटलं, सगळं सांगितलं. चहा पार निवून गेला.

आत्यांनी नोटा पदराला बांधल्या. "पुरे गं बाई आता," त्या म्हणाल्या. "फिटले सगळे."