मागावरची नूबार मावशी

माझी ताई, आयबेनिज, गालिचे विणते. बाकूला जाऊन चित्रकला शिकली, तरी परत आमच्या गावाला, कुब्यालाच आली. मी शाळा सोडली तेव्हापासून तिच्या बाजूला बसून गाठी मारते. तिला कोणी नावं ठेवली की माझं डोकंच फिरतं.

दुकानात टांगलेल्या गालिच्यावर बाई कशी असते? डोक्यावर ओढणी, मान खाली, मागासमोर गप बसलेली. ताईला त्या बाईचा वीट आला. तिनं काठाची जुनी नक्षी तशीच ठेवली आणि मधे नूबार मावशी विणली. पाय तिवईवर, तोंड उघडं, टीव्हीवरच्या फुटबॉलच्या पंचाला शिव्या घालताना.

ताईला पहिली गाठ मावशीनंच शिकवली. आमच्यात गालिचा मागावरून उतरवताना पहिली कात्री थोरल्या विणकरणीनं लावायची, म्हणजे मावशीनंच. मावशी नाही म्हणाली तर ताई तो उतरवणारच नव्हती. मग ज्यासाठी तो विणला, ते बाकूचं प्रदर्शन गेलं उडत.

हिवाळाभर गुडघ्यांमुळे मावशी घरातच होती, गालिचा तिनं पाहिलाच नव्हता. पण शेजारच्या सेव्दानं तिचे कान भरलेच होते, "पोरीनं तुझी चेष्टा केलीय."

कापायच्या दिवशी बायका जमल्या, चुलीवर हलवा होता. मावशी काठी टेकत आली आणि बघतच राहिली.

"हे माझं नाक?"

"हो, मावशी."

"एवढं मोठं?"

"खरं याहून मोठं आहे, जागा पुरली नाही," मी बोलून गेले. ताईनं मला चिमटा काढला.

मावशीनं मागच्या बाजूनं गाठी चाचपल्या. मग म्हणाली, "माझा चहा कुठाय?"

"अं?" ताई म्हणाली.

"चहाशिवाय मी कधी मॅच बघितली गं? बाकूवाले म्हणतील, म्हातारीला चहासुद्धा देत नाहीत!"

सेव्दा म्हणाली, "अगं मावशी, तुझी अब्रू गेली, आणि तुला चहाचं पडलंय?"

"तू गप. मान खाली घालून घालून माझ्या मानेची वाट लागली. इथं वर आहे तर तुला काय टोचतंय? आण ती कात्री."

कचाकच ताण्याचे उभे धागे तुटले. गालिचा जमिनीवर पसरला, कुठं वाकडा नाही की फुगलेला नाही. ताई मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली.

मावशीनं खुर्ची गालिच्याच्या कडेला ओढली, तिवईवर पाय टाकले आणि माझ्याकडे बघितलं.

"उभी काय? विणायचा राहिला चहा, निदान करून तरी आण. आणि चहासोबतचा मुरंबा विसरू नकोस."

मी पळतच गेले.