शेजारच्या काकींची झोप आणि माझी वही

आमच्या शेजारच्या काकींसारखं झोपणारं माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरं नाही, आणि असलंच तर त्याची माझी गाठ पडू नये, कारण एकीचाच हेवा करण्यात माझी बारा वर्षं गेली आहेत. अन्वी, मिहिर, तुमच्या आजीला हेवा करायची सवय नव्हती बरं का. मैत्रिणींच्या पैठण्या पाहिल्या, बहिणींचे परदेशदौरे ऐकले, मन कधी हललं नाही. पण निवृत्तीनंतर इथे रिहे गावात हे घर बांधलं, सामान लावून दुपारी खिडकीशी उभी राहिले, तर कुंपणापलीकडच्या पडवीत एक बाई घोंगडीवर आडवी झाली. तिने पदर डोळ्यांवर ओढला, तीन श्वास घेतले आणि झोपली. चौथा श्वास झोपेतला होता, तो इथपर्यंत ऐकू आला. बाजूच्या प्लॉटवर काँक्रीटचा मिक्सर गडगडत होता, कोंबड्या तिच्या पायांवरून जात होत्या. त्या क्षणी माझ्या पोटात जे काही जळलं, ते अजून विझलेलं नाही.

माझी झोप तुम्हाला माहीत आहे. डोळ्यांवर काळी पट्टी, उशाशी पाण्याचं भांडं, आणि झोपेची वही. वहीत मी रकाने आखले आहेत: पडले किती वाजता, झोप लागली (अंदाजे), जाग किती वेळा, कारण. कारणाच्या रकान्यात बहुधा ‘कुत्रं’, ‘कंपनीची बस’, ‘विचार’ आणि ‘पुन्हा विचार’ असं असतं. झोप नेमकी कधी लागली हे लिहायचं म्हणून ती लागताना पाहायला मी जागी राहत असे. एकदा ही वही काकींच्या हाती लागली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, “बाई, मंजी तुमी झोपंची हजेरी घेताय व्हय?”

“तसंच समजा,” मी म्हटलं.

“मग कशी यील ती? मास्तरीण दारात वही घिऊन हुबी राहिल्यावर कोन पोरगं आत यील?”

काकींच्या झोपेच्या कथा आमच्या खोऱ्यात सगळ्यांना पाठ आहेत. त्यांच्या लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मुठीत अक्षता धरून त्या मांडवाच्या खांबाला टेकल्या आणि झोपल्या. व्याह्यांना वाटलं, आईचं काळीज, डोळे मिटून आशीर्वाद देतेय; विहीणबाईंच्या डोळ्यांना तर पाणीच आलं. आणि नेमक्या वेळी काकींची मूठ उघडली, अक्षता पडायला हव्या तिथे पडल्या. पिरंगुटला दाढ काढायला गेल्या, तर डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवूनच झोपी गेल्या. दाढ काढून झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना हलवलं, तेव्हा म्हणाल्या, “निघाली का? मग आनि पाच मिंटं पडू द्या की.” ग्रामसभेत, तलाठ्याच्या रांगेत, पोराच्या मोटरसायकलवर मागे बसून, कुठेही. आणि जागं झाल्यावर त्यांचा चेहरा नुकत्याच धुतलेल्या ताटासारखा लख्ख. माझा चेहरा आरशात सकाळी कसा दिसतो ते मी वहीतसुद्धा लिहीत नाही.

एवढ्यावर भागलं असतं, तर मी माझा हेवा माझ्यापुरता ठेवला असता. पण इकडे कॉलेजं वाढली, गावागावांत मुलांना खोल्या द्यायची चाल पडली, आणि काकींनीही गोठ्याला लागून सात खोल्या बांधल्या. मीही माझी वरची खोली द्यायची ठरवली. टेबल, वाचायचा दिवा, भिंतीवर फळा, खिडकीला दोन पडदे. पाहायला येणाऱ्या मुलांना मी विषय, मागच्या वर्षाचे गुण, वडिलांचा व्यवसाय असं क्रमाने विचारत असे. काकींचा प्रश्न एकच: “झोप लागती का?” लागते म्हटलं की कुठलीही खोली. नाही म्हटलं की गोठ्याच्या भिंतीची खोली, कारण म्हशीचं रवंथ ऐकताना कोण जागं राहील, असं त्यांचं म्हणणं. रात्री साडेदहाला त्या वायफायच्या डब्याची पिन उपटून कनवटीला लावल्यासारखी कमरेला खोचत. मुलं कुरकुरली की म्हणत, “त्या डब्याला बी झोप पायजे. दिवसभर नुसता डोळं मिचकावतुया.” गंमत म्हणजे मुलं राहत. आणि त्यांना ‘काकी’ म्हणत. मला मात्र सगळी ‘मॅडम’.

माझ्या वरच्या खोलीत मुक्ता आली ती जालन्याहून. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, हुशार, नखं कुरतडणारी. तिचा गणिताचा एक पेपर राहिला होता. तो सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला बसता येणार नव्हतं, आणि वर्ष गेलं तर सामान घेऊन परत यायचं, असं वडिलांनी आधीच बजावलं होतं. गणित म्हटल्यावर मी कंबर कसली. तीस वर्षं शिकवलंय, मला कोण शिकवणार! तिला मी तीन रंगांत वेळापत्रक करून दिलं. अभ्यासाला लाल, उजळणीला हिरवा, आणि झोपेला साडेतीन तास, पिवळा, कारण तेवढाच रंग उरला होता. मुलगी बिचारी अक्षरशः तसं वागली. टेबलापाशी मान पडली की गार पाण्याने तोंड धुऊन पुन्हा बसायची. मी खाली जागी, ती वर जागी. मला वाटायचं, किती छान सोबत आहे.

मे महिन्यातल्या पेपरात ती चार गुणांनी गेली. आम्ही उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. मी चष्मा पुसून वाचायला बसले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अगदी बरोबर, माझ्याच पद्धतीने, पायरी न पायरी. चौथ्या प्रश्नाखालीही तेच गणित. तेच आकडे, तेच उत्तर, पुन्हा अगदी बरोबर. चौथा प्रश्न तिने वाचलाच नव्हता. तीन तासांत कधीतरी डोळे उघडे ठेवून ती झोपली होती आणि हाताला जे पाठ होतं ते त्याने पुन्हा लिहिलं होतं.

मुक्ता म्हणाली, “मॅडम, हे मी लिहिलंय?”

आठ दिवसांनी तिने गादी गुंडाळली. “राग मानू नका मॅडम. शिकायला मी रोज सकाळी येईन. पण मला तिकडे झोप येते.” मी म्हटलं, राग कसला त्यात. आणि पुढचे तीन दिवस कुंपणाजवळची जास्वंद विनाकारण छाटत बसले. पलीकडे गोठ्याच्या भिंतीच्या खोलीत तिची गादी पडलेली दिसत होती.

फेरपरीक्षा जुलैत होती. ही शेवटची संधी. सकाळी माझ्याकडे ती दोन तास बसायची. शिकवणं माझं, यात मी कोणाला वाटा देणार नव्हते. पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी मी सूत्रांची यादी सुबक अक्षरात लिहून छत्री घेऊन पलीकडे गेले. काकी पडवीत बसल्या होत्या.

“मुक्ता कुठाय?”

“निजलीया.”

“अहो, उद्या पेपर आहे तिचा!”

“म्हनून तर निजवली.”

“आणि पुस्तकं?”

“कनगीत.”

“भाताच्या कणगीत?”

“तितं उंदीर जात न्हाईत. तुमी बी जानार न्हाई.”

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “काकी, या पोरीचं वर्ष जाईल. तिचा बाप तिला घेऊन जाईल. तुम्हाला काय, तुम्ही झोपाल!”

त्यावर काकींचे डोळे पहिल्यांदाच मला पूर्ण उघडे दिसले. त्या उठल्या, माझा हात धरून मला घरामागे घेऊन गेल्या. समोर त्यांची भाताची खाचरं होती, परवाच आवणी, म्हणजे रोपांची लावणी, झालेली. गुडघाभर चिखलात रोपं ओळीने लावलेली, पण पार मान टाकलेली.

“कशी दिसत्यात?”

“पिवळी. मरगळलेली.”

“मग उतरू का चिखलात? येक येक उपटून बघू, मूळ धरलंय का न्हाई?”

काकींनी माझ्या हातातल्या यादीकडे बोट दाखवलं.

“तुमी दोन म्हैनं लावनी केलीया, बाई. लई चांगली केलीया. मला त्या गनितातलं एक अक्षार कळत न्हाई. पर लावून झाल्यावर आठ दिस आमी खाचरात पाय घालत न्हाई. रोप आपलं आपुन धरतंय. आता तुमी बी बांधावर या.”

आम्ही परत पडवीत आलो. काकी घोंगडीवर आडव्या झाल्या. तीन श्वास आणि गेल्या. दाराच्या फटीतून मुक्ता दिसत होती, तोंड उघडं, एक वेणी सुटलेली. म्हैस रवंथ करत होती. अख्ख्या घरात मी एकटीच जागी, हातात सूत्रांची यादी घेऊन. आणि खरं सांगू? त्या वेळी मला काकींचा हेवा वाटला नाही. मुक्ताचा वाटला. मला वयाच्या कुठल्याच टप्प्यावर कोणी माझी पुस्तकं लपवून झोपवलं नव्हतं. आमच्याकडे दिवा जळत असला की आई शेजारणीला कौतुकाने सांगायची, अभ्यास करतेय. मीही पुढे तीस वर्षं वर्गात तेच कौतुक वाटत राहिले. जितके तास जास्त तितका अभ्यास जास्त, असं सरळ गुणोत्तर मी फळ्यावर न लिहिता शिकवलं. किती मुलांनी माझ्यासाठी एकच गणित दोनदा लिहिलं असेल, देव जाणे.

पाच वाजता मुक्ता उठली. गालावर गोधडीचे टाके उमटले होते. मला पाहून दचकली, मग माझ्या यादीवर नजर टाकून म्हणाली, “ते पंधरा दिवस अडलेलं गणित परत एकदा सांगता?” मी सुरुवात केली, दोन पायऱ्या झाल्या नाहीत तोच ती म्हणाली, “थांबा मॅडम, दिसलं मला.” आणि पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली. काकींनी कणगीतून पुस्तकं आणून दिली. त्यांना भाताचा भुसा लागला होता. मुक्ताने ती झटकली आणि न उघडताच बाजूला ठेवली.

निकाल लागला तोवर खाचरं हिरवीगार झाली होती. मुक्ता पेढे घेऊन आधी कोणाकडे गेली ते मी खिडकीतून पाहिलं, पण ते इथे लिहीत नाही. मग माझ्याकडे आली, वाकली आणि म्हणाली, “मॅडम, तुमचं गणित आलं होतं. एकदाच लिहिलं.”

आता अन्वी, हे सगळं तुला कशासाठी सांगतेय ते तुला कळलं असेल. या थंडीत रोज दुपारी दोन वाजता मी फोन उघडते, तेव्हा तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका असतो. इथे दुपारचे दोन म्हणजे तिकडे परदेशात तुझ्याकडे पहाटेचे साडेतीन, हा हिशेब मला पाठ आहे. मी तुला वर्षभर लिहितेय, झोप, बाळा. तू लगेच उत्तर देतेस, ‘हो आजी, फक्त हा चॅप्टर.’ ठिपका तसाच. गेल्या आठवड्यात काकी पडवीत माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “ह्यो हिरवा दिवा कशाचा?” मी सांगितलं, नात जागी आहे, परीक्षा आहे. त्यांनी मला फोन लावायला सांगितला आणि तो माझ्या हातून घेतला. तू उचललास. तुझ्याशी त्यांची ओळख ना पाळख.

“कोन, बाईंची नात का गं? जेवलीस का? मग नीज आता, बाय. पुस्तक कुटं जात न्हाई. हितं तुझी आजी हाय ना जागी.”

तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. मिनिटभराने ठिपका गेला. वर्षभर मी जे करू शकले नाही ते एका दमात, आणि वर फोन माझ्या मांडीवर ठेवून काकी स्वतःही झोपून गेल्या. मला किती हेवा वाटला असेल याचा विचार कर. मी बराच वेळ तो ठिपका परत येतो का पाहत बसले. आला नाही. मग घरी येऊन वही काढली. त्या दिवशीच्या पानावर पहिल्यांदाच माझं नाव नाही. लिहिलंय: ‘अन्वी. पडली: पावणेचार. झोप लागली: लगेच.’ कारणाचा रकाना मी रिकामा ठेवला, आणि माझं लिहायचं राहूनच गेलं.