खिडकीशी उभा राहिलेला निरोप

वेलेम रुमोकॉयनं आयुष्यात एकच मोठा प्रोग्रॅम लिहिला. बितुंगच्या बंदरामागं मासळीचं जे शीतगृह आहे, तिथल्या अमोनियावर नजर ठेवणारा. नळी कुठं गळायला लागली तर पडद्यावर आकडा चढे आणि भोंगा वाजे. त्या पडद्यासमोर बसायचा नोल्डी मामाहित, त्याचा लहानपणापासूनचा सोबती.

प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी आपापलं काम करणारे दोन भाग, म्हणजे थ्रेड, होते. एक हवेतला अमोनिया मोजणाऱ्या गेजकडून आकडे आणायचा आणि भोंगा वाजवायचा, दुसरा पडद्यावरची खिडकी सांभाळायचा. वेलेम हे खाणावळीत बसून, मालकीण तान्ताकडं बोट करून समजावून सांगे. "तान्ता आत मासा तळते, पोरगी बाहेर वाढते. तान्तानं बाहेर यायचं नाही. ताट झरोक्यात ठेवायचं नि चुलीकडं परत फिरायचं. दोघी एका टेबलाशी घुसल्या तर ताटं फुटणार."

"प्रोफेसर, आधी तुझ्या ताटातला भात संपव," नोल्डी म्हणे.

मग नोल्डीनंच तक्रार केली की आकडे उशिरा दिसतात, झरोक्यात साचून राहतात. वेलेमनं बदल केला. आता गेजवाल्यानं आकडा ठेवून निघून जायचं नाही. खिडकी आकडा हातात घेईपर्यंत झरोक्याशीच उभं राहायचं. आकडे ताजे दिसू लागले. नोल्डीनं खूश होऊन धुरी दिलेला चाकालांग मासा आणून दिला.

काही दिवसांनी तो म्हणाला, "अरे, तुझी खिडकी मधूनच थिजते. भोंगा बंद करायचं बटण दाबलं की."

"जाळी ओढणारी बोटं तुझी. हळू दाब."

खाणावळीतले सगळे हसले. नोल्डीही हसला. वेलेमनं घरच्या मशीनवर पुन्हा पुन्हा पाहिलं, एकदाही थिजली नाही. मग नोल्डीनं बोलणं सोडलं. खिडकी थिजली की तो मुकाट्यानं मशीन बंद करून चालू करी.

गरम पाण्यानं फरशी धुताना भोंगा उगाच वाजायचा. त्या दिवशीही वाजला. नोल्डीनं बटण दाबलं. आत मासळी रचायला निघालेला कामगार मार्तेन दारातून ओरडला, "हवा बरी आहे ना?" नोल्डीनं पडद्याकडं पाहिलं. आकडा खाली होता. "जा," तो म्हणाला.

या वेळी नळी खरंच गळत होती. मार्तेनला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

चौकशीत निघालं की भोंगा नोल्डीनं बंद केला. प्रोग्रॅमबद्दल विचारलं तेव्हा वेलेमनं जे त्याला खरं वाटत होतं तेच सांगितलं: दोष सापडत नाही. नोल्डीची नोकरी गेली. प्रार्थनेला तो मागच्या बाकावर बसू लागला, मग यायचाच थांबला. वेलेमला वाटे, त्याला हवं असेल तेव्हा बोलावील. नोल्डीनं बोलावलं नाही.

पुढं नव्या माणसाच्या हाताखाली खिडकी पुन्हा थिजली. त्याची बोटं बारीक होती. वेलेम शीतगृहातच बसून राहिला आणि त्याला दिसलं. बटण दाबलं की खिडकी थांबत होती, गेजवाल्याची फेरी पुरी व्हावी म्हणून. तो मात्र झरोक्याशी उभा होता, खिडकीनं आकडा घ्यावा म्हणून. दोघंही एकमेकांची वाट पाहत उभे, आणि पडद्यावर जुना आकडा. घरच्या टेबलावरचं नकली गेज झटकन उत्तर द्यायचं, म्हणून तिथं अशी गाठ पडलीच नव्हती.

दुरुस्ती एका ओळीची होती. आकडा ठेव आणि निघ. ती करून तो तसाच नोल्डीच्या घरी गेला.

"तो भेटत नाही कुणाला," नोल्डीची बायको यूल दारातच म्हणाली.

"मला भेटू दे. त्याची चूक नव्हती."

नोल्डी मागच्या पडवीत बसला होता. दाढी वाढलेली. वेलेमनं उभ्यानंच सगळं सांगितलं.

"म्हणजे मी पाहिला तो आकडा..."

"जुना होता. मी केलेल्या बदलामुळं."

"मी सांगितलं होतं तुला."

"हो."

"सगळ्यांदेखत हसलास."

 नोल्डीनं खुंटीवरचा सदरा काढला. अंगात घालून बटणं लावली.

"मेइतीला सांगितलंस?"

मेइती म्हणजे मार्तेनची बायको. "नाही. आधी तुझ्याकडं आलो."

"बाजारात मला पाहून ती रस्ता बदलते. चल. माझ्यासमोर सांग तिला."

चढावर नोल्डीला धाप लागली, तरी तो थांबला नाही. मेइतीच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण गोरोहो जातीची केळी तळत होती.

"ती सोरोंगला गेली, बहिणीकडं. मागच्याच जहाजानं. परत यायची नाही म्हणाली."

"पत्ता, फोन काही?"

"कुणाला दिला नाही. इथलं काहीच नको म्हणाली."

नोल्डी पायरीवर बसला. मग त्यानं शेजारणीकडं बोट केलं. "हिला सांग."

वेलेमनं सांगितलं. झरोका, ताट, बटण, जुना आकडा. शेजारणीला किती समजलं कोण जाणे. केळी करपायला लागली तशी तिनं कढई उतरवली.

"मग नोल्डीनं मारलं नाही त्याला?"

"नाही."

"मेइती तर तसंच समजून गेली हो," ती म्हणाली.

नोल्डीनं मान हलवली. वेलेम त्याच्या शेजारी बसायला वाकला, तेव्हा त्यानं हात आडवा धरला.

"तू जा आता," तो म्हणाला. "मी बसतो थोडा."