आवाज जायच्या आधी

परवा कामरगावच्या बाजारात एका दुकानासमोर कोऱ्या बारदान्याचे गठ्ठे उतरत होते. तागाचा तो कोरडा, तेलकट, घशात जाऊन बसणारा वास आला आणि मी भाजीची पिशवी धरून तिथंच थबकलो. गेल्या वर्षी, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना असाच बारदाना ठोकलेल्या एका रिकाम्या गोदामात, आम्ही चौघांनी एका माणसाचा आवाज वाचवायची धडपड केली होती. माणूस वाचणार होता. आवाज नाही.

कॉलेजात असताना आम्ही पंक बँड काढला होता. वाशीम जिल्ह्यात पंक म्हणजे काय, हे कुणाला सांगून समजलं नसतं. आम्हालाही अर्धंमुर्धंच समजलं होतं. दोन-तीन सूर, बेफाम वेग आणि पोटातला राग. नीट गाता येण्याची अटच नाही, यावर आम्ही हुरळलो होतो. ड्रम वाजवणारा जयंतीच्या मिरवणुकीतला ताशेवाला, गिटारवर त्याचा मावसभाऊ, बेसवर मी. आणि विहारात गाणी म्हणत वाढलेला माझा मित्र आमचा गायक. त्याचा आवाज गोड नव्हता. टिनावर गारा पडाव्यात तसा तो कोसळायचा. पण ऐकणाऱ्याला गिळलेला एखादा अपमान आठवायचा आणि मान आपोआप ताठ व्हायची.

एक अल्बम निघाला. दुसऱ्या अल्बमची गाणी लिहून तयार होती. अकोल्यातल्या आमच्या सगळ्यांत मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशीच माझी नोकरीची मुलाखत आली आणि मी कुणालाही न सांगता तिकडे गेलो. ते तिघे स्टेजवर माझी वाट पाहत राहिले, लोकांनी हुर्यो उडवली. बँड तिथंच संपला. पुढं सतरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी आसेगावच्या शाळेत पोरांना इतिहास शिकवत राहिलो.

मग गेल्या वर्षी एका दुपारी आमच्या गायकाच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, यायच्या गळ्याले कॅन्सर हाय. डॉक्टर म्हनते, स्वरयंत्रच काढा लागते. हे तुमाले बलावून राह्यले."

मी गेलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आपरेशनले बारा दिवस हायेत. राह्यलेली गानी पुरी करू."

"डॉक्टरले इचारलं?"

"ते नाईच म्हनतीन. मंग इचारू कायले?"

बाकी दोघांनाही त्यानं बोलावलं होतं; दुसऱ्या दिवसापासून गोदामात रेकॉर्डिंग सुरू झालं. तो एक ओळ ओरडायचा, भिंतीला टेकून श्वास गोळा करायचा, मग दुसरी. बायको कोमट पाणी घेऊन दारात उभी. एकदा रुमालावर रक्त दिसलं तेव्हा ती तोंड फिरवून रडली, पण "बस करा" म्हणाली नाही. नऊपैकी आठ गाणी झाली. नवव्याला त्यानं तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवाच. ताशेवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या. गोदामात कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

त्या साऱ्या दिवसांत मी त्याची माफी मागितली नाही. रोज ठरवायचो आणि रोज वाटायचं, त्याचे मोजकेच शब्द उरलेत. ते माझ्यावर कशाला खर्च करायचे? ऑपरेशन झाल्यावर बोलू.

नागपूरला ऑपरेशन नीट पार पडलं. अल्बम इंटरनेटवर टाकला. थोड्याच लोकांनी ऐकला. घरी आल्यावर त्यानंही ऐकला, गळ्याच्या पट्टीवर हात ठेवून, डोळे मिटून. अल्बम संपल्यावर मी अकोल्याचं सगळं बोलून टाकलं. माझ्या भित्रेपणाचंही. त्यानं मोबाईलवर बराच वेळ काहीतरी लिहिलं, वाचलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी मोबाईल खिशात घातला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

लोक म्हणतात, आवाज तरी राहिला. राहिला खरा. आठ गाण्यांत तो साऱ्या जगाला जाब विचारतो, आणि मी ती पुन्हा पुन्हा ऐकतो. पण मला त्यानं दिलेली एक सणसणीत शिवी ऐकायची होती. ती द्यायला त्याच्याजवळ आवाज होता, तेव्हा मी मागितली नाही.